देहाने खेळायचे व्हिडिओ गेम

व्हिडिओ गेम म्हटला की सोफ्यात रुतलेले मूल आणि त्याचे झपाट्याने चालणारे दोन अंगठे डोळ्यांसमोर येतात. हे चित्र बदलण्याचा मोठा प्रयत्न जपानच्या निन्टेन्डो कंपनीने २००६ मध्ये ‘वी’ या यंत्राद्वारे केला. त्याच्या हातात धरायच्या रिमोटमध्ये त्वरणमापक होता. रॅकेटसारखा तो फिरवला की पडद्यावरचा खेळाडू चेंडू टोलवी. कळा पाठ कराव्या लागत नसल्याने आजी-आजोबांनाही त्यात गोडी वाटू लागली. पण लवकरच एक गुपित उमगले. हाताचा वेग कसा बदलतो, एवढेच त्वरणमापकाला कळते. खेळणारा उभा आहे की लोळतो आहे, हे कळत नाही. मग काय, बसल्या जागी मनगटाचा एक झटका पुरेसा ठरला!

मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये ‘किनेक्ट’ हा कॅमेरा आणून संपूर्ण देहच टिपला. त्यासाठी पडद्यापुढे साधारण सहा फूट मोकळी जागा हवी असे. आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या घरात ती कोठून आणावी?

म्हणजे केवळ मापन सूक्ष्म करून भागत नाही. २०१९ च्या ‘रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर’मध्ये एक संवेदक डाव्या मांडीला पट्ट्याने बांधायचा आणि दुसरा लवचीक कड्यात बसवायचा. जागच्या जागी धावले की पडद्यावरचा नायक धावतो. कडे दाबले किंवा ताणले की त्याला बळ मिळते. खेळ आरंभी वय व वजन विचारतो आणि व्यायामाचा भार बेताचा ठेवतो. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून धावण्याऐवजी गुडघे वाकवण्याचीही सोय आहे. रचनाकाराने किती बारीक विचार केला आहे, पाहा!

माझ्या मते याहून चतुर खेळ म्हणजे ‘योहान सेबास्टियन जाउस्ट’. त्यात पडदाच नाही. प्रत्येकाच्या हाती दिवा असलेला एक रिमोट असतो. तो जोरात हलला की खेळाडू बाद. म्हणून आपला हात सांभाळत दुसऱ्याचा हलवायचा. बाखचे संगीत संथ असेपर्यंत किंचित धक्काही भोवतो. लय द्रुत झाली की मोठी हालचालही खपते. संवेदक साधाच, पण नियम असा की आळसाला वाव उरत नाही आणि सर्वांचे डोळे एकमेकांवर खिळतात.

मनगटी घड्याळांनी चालण्याचाही खेळ केला आहे. अ‍ॅपलच्या घड्याळावर रोज तीन वर्तुळे पूर्ण करायची असतात. पण चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्याने ‘उभे राहा’ ही सूचना कशी पाळावी? २०१६ पासून त्यांच्यासाठी घड्याळ पावलांऐवजी चाकाला दिलेले हातांचे रेटे मोजते आणि उभे राहण्याऐवजी खुर्ची पुढे न्यायला सांगते.