छापून झाल्यावर

महाळुंगे इंगळेच्या हद्दीत बजाज ऑटोचा कारखाना आला, भोवती चाकण एमआयडीसी फोफावली आणि सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मोठ्या शेडची रांग लागली. यातला प्रत्येक उद्योजक खिशात व्हिजिटिंग कार्डं घेऊन फिरतो. कार्डावर काय छापायचं यावर तो डोकं चालवतो. छापल्यावर त्यावर काय चढवायचं, ते मात्र डिझायनर म्हणेल तसं. माझ्या मते खरी निवड इथेच आहे, आणि ती कार्ड कुणाच्या हातात पडणार यावरून व्हायला हवी.

जुजबी माहिती आधी उरकतो. कार्डाला साधारण 300 जीएसएमचं आर्ट कार्ड घेतात. तापलेल्या रोलरखाली प्लास्टिकची पातळ फिल्म चिकटवली की लॅमिनेशन झालं: ग्लॉस, मॅट किंवा मखमली हाताची वेल्वेट. स्पॉट यूव्ही म्हणजे फक्त नावावर किंवा लोगोवर दिलेलं चकचकीत वार्निश, अतिनील दिव्याखाली क्षणात वाळणारं. ते मॅटवर उठून दिसतं, कोऱ्या कागदात मुरतं. वेगळा आकार हवा तर डाय-पंचिंग, म्हणजे साच्याने कापणं.

आता माझ्या आवडीच्या फॉइलकडे, म्हणजे उष्णतेने उमटवलेल्या सोनेरी छापाकडे वळतो. या पट्ट्यातल्या फिनिशिंगच्या शेडमध्ये आजही जुनं ट्रेडल छपाईयंत्र धडधडताना दिसतं. शाईचे रोलर काढलेले, जस्ताच्या ब्लॉकमागे हीटर बसवलेला. कारागीर उजव्या हाताने कार्ड सारतो, डाव्याने काढतो. मध्ये ब्लॉक दाबला जातो आणि अक्षरं सोनेरी होऊन बाहेर येतात. त्यात सोनं नसतंच. पॉलिस्टरच्या फिल्मवर आधी मेणासारखा थर, मग पिवळसर लॅकर, त्याखाली अ‍ॅल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर आणि शेवटी गोंद. उष्णतेने मेण सुटतं, गोंद कागदाला धरतो. अ‍ॅल्युमिनियमची चकाकी पिवळ्या लॅकरमधून दिसते, तेच आपलं सोनं! दाब कुठे कमी पडला तर कारागीर मागे पातळ कागदाचे कपटे चिकटवून तो सारखा करतो. ही नजर वर्षानुवर्षांच्या सरावाने येते.

देवनागरीला फॉइल देताना जास्त जपावं लागतं. ‘ध’, ‘भ’, ‘क्ष’ यांच्या पोटातली बारीक जागा भरून जाते, नाजूक रफार तुटतो. म्हणून मराठी नाव ठसठशीत टायपात, मोकळं ठेवावं. फॉइलसोबत नर-मादी डायने उठाव दिला, तर डोळे मिटूनही नाव बोटांना लागतं.

छापलेल्या कागदाला स्पर्श देण्याची ही हौस आपल्या मुलखात जुनी आहे. राजा रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला आला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. ओलिओग्राफ या प्रकारात अनेक दगडांवरून एकेक रंग चढवल्यावर वार्निश देत, कॅनव्हासचा पोत उठवत, म्हणजे चित्र तैलचित्रासारखं भासे. घरोघरच्या हौशी हातांनी त्या चित्रांतल्या लक्ष्मी-सरस्वतींना वरून जरी-टिकल्याही लावल्या. 1972 च्या आगीत तो छापखाना गेला. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीवरून जाताना माझी नजर आपसूक बाहेर वळते.

तर, महाळुंग्यातल्या पुरवठादाराने काय घ्यावं? कार्ड शॉपफ्लोअरवर, कूलंट-ग्रीस लागलेल्या हातांत जाणार असेल, तर दोन्ही बाजूंनी ग्लॉस; पुसलं की स्वच्छ. गडद रंगाच्या मॅटवर ओरखडे आणि बोटांचे ठसे लगेच दिसतात. परचेसच्या टेबलावर जाणारं कार्ड वेगळं. तिथला माणूस मागे पेनने दर, तारीख, मोबाइल नंबर टिपतो, आणि फिल्मवर बॉलपेन नीट चालत नाही. एकाच बाजूला लॅमिनेशन केलं, तर पावसाळ्यात मागचा कागद ओल ओढून फुगतो आणि कार्ड वाकडं होतं. अशा ठिकाणी जाड, बिनलॅमिनेशनचा कागद आणि नावापुरतं फॉइल, यासारखं दुसरं काही नाही.

फ्लायरवर असा खर्च करू नये. मेसचं, भाड्याच्या खोल्यांचं किंवा कामगारभरतीचं पत्रक मॅपलिथो या साध्या कागदावर चांगलं चालतं. मशिनचे फोटो असतील तर 130 जीएसएम आर्ट पेपर घ्यावा. घडी मात्र कागदाच्या धाग्याच्या दिशेनेच घालावी आणि जाड कागदाला आधी क्रीजिंग करून, म्हणजे घडीची खाच दाबून घ्यावी, नाहीतर घडीवर शाई फुटून पांढरी रेघ उमटते.