मोसंबीचा खुंट : जालना जिल्ह्यातील निवडीचा प्रश्न

कलमी मोसंबीचे झाड हे वस्तुतः दोन झाडांचे मिळून झालेले असते. वरचा भाग मोसंबीच्या एका डोळ्यापासून वाढलेला असतो; खालची मुळे आणि खोडाचा वीतभर भाग निराळ्याच लिंबाचा असतो. या खालच्या भागास बागाईतदार ‘खुंट’ म्हणतात. ‘खुंटणे’ हे क्रियापद याच शब्दकुळातले. आधार आणि अडसर असे दोन्ही अर्थ एका कुळात नांदावेत हे भाषेच्या अभ्यासकास कुतूहलाचे वाटेल. बागाईतदारास मात्र खुंटाची निवड चुकली म्हणजे दुसऱ्या अर्थाचा अनुभव येतो. ‘कलम’ हा शब्द अरबीतून फारसीच्या मार्गाने आपल्याकडे आला. बोरूची लेखणी हा त्याचा जुना अर्थ. तीही कापूनच तयार होते.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पारिभाषिक नाही. अंबड, घनसावंगी, बदनापूर, जालना या तालुक्यांत मोसंबी हे नगदी फळ आहे आणि ‘जालना मोसंबी’ या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकन फळाला मिळते. ते फळ कोणत्या मुळांवर पोसले गेले याचा उल्लेख नावात नसतो. रोपवाटिकेतही बहुधा हेच घडते. ग्राहक ‘न्यूसेलर’ मोसंबी मागतो, म्हणजे वरच्या भागाचे नाव सांगतो. खालच्या भागाचे नाव विचारले नाही तर ते कोणी आपण होऊन सांगेलच असे नाही. बाग चौथ्या-पाचव्या वर्षी फळावर येते आणि पुढे पंधरा-वीस वर्षे टिकावी अशी अपेक्षा असते. एवढ्या काळाचा निर्णय त्या न विचारलेल्या नावावर अवलंबून असतो.

महाराष्ट्रात मोसंबीसाठी प्रामुख्याने दोन खुंट वापरात आहेत : जंबेरी आणि रंगपूर लाईम. जंबेरीचे नाव संस्कृत ‘जंबीर’ या शब्दाशी जोडलेले आहे आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनीही तिच्या शास्त्रीय नावात तेच देशी नाव घेतले. रंगपूर हे आजच्या बांगलादेशातील गाव. नावे अशी दूरदूरची असली तरी दोघांचे कूळ एकच आहे. आनुवंशिक परीक्षणांवरून दोन्हींची माता संत्रावर्गातील व पिता महाळुंग असल्याचे दिसून आले आहे. एका कुळातील या भावंडांचे स्वभाव मात्र वेगळे निघाले.

जंबेरीची मुळे जोमदार असतात. खोल, हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत तिच्यावरील झाड झपाट्याने वाढते व भरपूर फळ देते. फळाची साल काहीशी जाड राहते आणि रसातील गोडी कमी पडते. तिचा मोठा दोष असा की पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत ती मूळकुज व डिंक्या या रोगांना लवकर बळी पडते. फायटोफ्थोरा नावाची बुरशीसदृश जीवजाती हे त्या रोगांचे कारण. ओल्या जमिनीत ती मुळांवर आणि खोडाच्या बुंध्यावर हल्ला करते. साल तडकते व डिंक ओघळू लागतो. रंगपूर लाईम या रोगापासून पूर्णतः मुक्त नाही, तथापि जंबेरीपेक्षा तो बरा टिकतो. शिवाय चुनखडीयुक्त जमीन, पाण्यातील क्षार आणि अवर्षण या तिन्हींना तो अधिक सोसतो.

जालन्याच्या दक्षिणेस गोदावरीकाठी व पैठणच्या डाव्या कालव्याखाली भारी काळी जमीन आहे. अनेक ठिकाणी तीत चुन्याचे प्रमाण जास्त असते. विहिरींचे पाणी उन्हाळ्यात उतरते तसे क्षारही वाढतात. अशा परिस्थितीत रंगपूर लाईमची शिफारस केली जाते ती यथार्थच म्हटली पाहिजे. परंतु ती अमर्याद समजू नये. २०१२ च्या अवर्षणात आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात जिल्ह्यातील बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. टँकरने पाणी घालूनही कित्येक वाचल्या नाहीत. खुंट पाण्याची टंचाई काही काळ सोसू शकतो, पाण्याची जागा घेऊ शकत नाही. तसेच मुक्त चुन्याचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असलेल्या जमिनीत खुंट बदलण्यापेक्षा पीक बदलणे शहाणपणाचे.

जगभर नावाजलेला खुंट आणावा, असेही कोणी सुचवील. त्रिपर्णी संत्रा हा थंडी व मूळकुज यांस उत्तम तोंड देणारा खुंट. पण चुनखडीच्या जमिनीत त्याची पाने पिवळी पडतात, म्हणून येथे तो निरुपयोगी. एकाच खुंटावर सर्वस्वी विसंबणेही धोक्याचे, हे ब्राझीलच्या इतिहासावरून कळते. तेथे आंबट संत्र्याच्या खुंटावरील लाखो झाडे १९३७ नंतर ‘ट्रिस्टेझा’ या विषाणुरोगाने मेली. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थच दुःख असा आहे. मावा हा काळा कीटक तो रोग पसरवी. बागाईतदार रंगपूर लाईमकडे वळले, कारण तो हा विषाणू सोसतो. पुढे १९९९ च्या सुमारास त्याच रंगपूर लाईमवरील झाडे एका नव्या रोगाने अकस्मात मरू लागली. तेव्हा बाधित बागांत शेजारी दुसऱ्या खुंटाची रोपे लावून ती उभ्या झाडाच्या खोडास जोडावी लागली. झाड उभे असताना त्याची मुळे बदलण्याचा हा खटाटोप किती खर्चाचा असेल हे सांगावयास नको.

खुंट निवडला तरी डोळा कोठे भरला हे पाहिलेच पाहिजे. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या रोपावर जमिनीपासून २० ते २५ सेंटीमीटर उंचीवर डोळा भरावा, म्हणजे ओली माती मोसंबीच्या सालीपर्यंत पोचत नाही. लागवडीच्या वेळी हा जोड मातीत गाडला गेला तर निवडीचा सारा लाभ वाया जातो. दोन्ही खुंटांच्या बियांतून बहुतेक रोपे मातृवृक्षासारखीच निघतात. जी वेगळ्या ठेवणीची दिसतील ती रोपवाटिकेतच उपटून टाकावी लागतात.

जुन्या बागेचा खुंट कोणता, हे खोडाच्या जोडाकडे पाहून सहसा ओळखता येत नाही. जोडाच्या खालून फुटणारे पानसोट एरवी वेळच्या वेळी काढले जातात, कारण ते वाढले की मोसंबी दबते. एखाद्या दुर्लक्षित झाडावर ते राहिलेच, तर त्यांना खुंटाचेच फळ लागते. ते नारिंगी रंगाचे, पातळ व सैल सालीचे, संत्र्यासारखे दिसणारे पण आंबट असेल तर खाली रंगपूर लाईम आहे. पिवळे, खडबडीत व जाड सालीचे असेल तर जंबेरी.