सातबाऱ्यावरचं झुडूप (घर पाहावं बांधून : लेखांक ९)

मागच्या लेखात आपण गृहकर्जाचे हप्ते पाहिले. या वेळी जागेकडे येऊ, आणि तेही आपल्या सिंदेवाहीच्या जागेकडे. पुण्या-नाशिककडे प्लॉट घेताना जेवढं तपासतात, तेवढ्यावर इकडे भागत नाही.

माझ्या मामांनी वीस वर्षांपूर्वी गावाच्या कडेला दीड हजार चौरस फूट जागा घेतली. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिखापढी, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. घर उभं राहिलं, मीटर बसलं, नळ आला, नमुना ८ वर नाव चढलं. मागच्या वर्षी धाकट्यासाठी वरचा मजला चढवायचा म्हणून ते कर्ज मागायला गेले. बँकेच्या वकिलांनी मालकीचा कागद मागितला. मामांनी पत्र्याच्या पेटीतून कराच्या पावत्यांची चळत काढली, सुतळी सोडली आणि टेबलावर ठेवली. "साहेब, एकबी साल चुकवलं नाही." वकिलांनी पावत्या बघितल्या, कडा जुळवल्या आणि परत दिल्या.

नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. कर कोणाकडून घ्यायचा एवढंच ती सांगते, जागा कोणाची हे सांगत नाही. शंभर रुपयांहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत विक्रीखताशिवाय खरेदीदाराची होत नाही, हा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासूनचा नियम. नोटरीचा शिक्का म्हणजे दुय्यम निबंधकाकडची नोंदणी नव्हे. पण मामांची खरी अडचण पुढे होती. त्या गटाचा सातबारा काढला, तर त्यावर दोन शब्द होते : झुडपी जंगल.

हे शब्द फक्त आपल्या पूर्व विदर्भात सापडतात : नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. मध्य प्रांताच्या काळात गावं मालगुजारांकडे होती. ढोरं चारायला, जळतण आणायला, कुंपणाचे काटे तोडायला गावानं वापरायची पडीक जागा या नावानं नोंदवली जाई. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, जमीन सरकारजमा झाली. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, नोंद मात्र तशीच राहिली. गावं वाढली तशी त्याच पडीकावर शाळा झाल्या, मसणवट्या झाल्या, घरं झाली. जिथे कित्येक ठिकाणी झुडूपही उरलं नव्हतं, तिथे कागदावर जंगल होतं. पुढे १९८० चा वनसंवर्धन कायदा आला आणि १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं 'वन' या शब्दाचा अर्थ सरकारी नोंदीत जंगल असलेल्या जमिनीपर्यंत नेला. तेव्हापासून केंद्राच्या मंजुरीशिवाय अशा जमिनीचा वापर बदलता येत नाही.

२२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं या जमिनींबाबत निकाल दिला. झुडपी जंगल हे वनच आहे. मात्र १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्यानं रीतसर वाटप केलेल्या जागा अपवाद म्हणून वनाच्या यादीतून वगळण्यासाठी राज्यानं केंद्राकडे मंजुरी मागायची. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना हा मोठा दिलासा आहे आणि तो मिळायलाच हवा होता. पण त्याला अट आहे : वापर बदलायचा नाही, आणि जागा फक्त वारसाहक्कानं पुढे जाईल. म्हणजे गुंतवणूक म्हणून प्लॉट घेणाऱ्याला यात काहीच नाही. "आता झुडपीचा प्रश्न सुटला, भाव वाढतील" असं सांगून कोणी जागा दाखवत असेल, तर त्याला हीच अट वाचून दाखवा.

म्हणून इसार देण्याआधी मागे जा. आजचा सातबारा पुरेसा नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि गावानं वापरायच्या जागांचं निस्तारपत्रक यांच्या नकला काढा. तिथे त्या गटापुढे चराई, झुडपी जंगल असं काही लिहिलंय का, हे पाहा. नक्कल फी थोडी, फेऱ्या जास्त. त्या फेऱ्या मारा.

कागद चोख निघाला तरी एकदा पावसाळ्यात मोक्यावर जा. आपल्याकडचे बरेच लेआउट धानाच्या बांध्यांवर पडतात. बांधी पाणी अडवण्यासाठीच बांधलेली असते. धुऱ्यावर मुरूम टाकून रस्ता केला म्हणून पाणी आपली वाट विसरत नाही. वरच्या अंगाला माजी मालगुजारी (मामा) तलाव किंवा बोडी असेल, तर सांडव्याचं पाणी कुठून उतरतं हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारा. रोवणीच्या दिवसांत तो तिथेच भेटेल. उन्हाळ्यात दाखवलेला प्लॉट उन्हाळ्यातच पसंत करू नका. चिकण मातीत पाया खोल न्यावा लागतो, भरण टाकावं लागतं, आणि तो खर्च जागेच्या भावात कोणी सांगत नाही.

मामांचा वरचा मजला अजून झालेला नाही. त्यांना जागा देणाऱ्याच्या वडिलांना ती कधी, कोणत्या आदेशानं मिळाली, याचा कागद आम्ही शोधतो आहोत. सापडला, आणि त्यावरची तारीख १९९६ च्या आधीची निघाली, तरी ती विक्री त्या अटीत बसते का, हा प्रश्न राहतोच.

पुढच्या आठवड्यात : भोगवटादार वर्ग २ आणि आदिवासी खातेदाराची जमीन.