कप्तानाचें रिकामें पिस्तूल

दिवाळीच्या सुट्टींतील एका संध्याकाळीं आमच्या घरीं एक लहानसा संवाद घडला. धाकटा पुतण्या माधव दिवाणखान्यांतील पडद्यासमोर बसून व्हिडिओ-गेम खेळत होता. पडद्यावर एक अवकाशयान, भोंवतीं काळेंभोर आकाश, आणि मध्यभागीं चिलखत घातलेला एक वीर बंदूक चालवीत शत्रूच्या गर्दींत शिरत आहे, असा देखावा होता. आमच्या थोरल्या काकू जपमाळ हातांत घेऊन बराच वेळ तो पाहत होत्या. त्यांनीं विचारलें, "हा कोण रे?"

माधव म्हणाला, "आजी, हा जहाजाचा कप्तान. सगळी पलटण याच्या हुकमांत."

काकूंनीं माळेचा एक मणी पुढें सरकवला आणि त्या म्हणाल्या, "कप्तान इथें, तर मग जहाज कोण संभाळतंय?"

माधवास उत्तर सुचलें नाहीं. खरें सांगावयाचें तर मलाही सुचलें नाहीं. परंतु तो प्रश्न माझ्या मनांतून जाईना. पुढें कांहीं महिने सवड मिळेल तसा मी माधवाशेजारीं बसून त्याचे खेळ पाहूं लागलों. त्या पाहण्यांतून जें ध्यानांत आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

व्हिडिओ-गेम हा शब्द ऐकतांच वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. परंतु एके काळीं कादंबरीविषयींही आपल्याच घरांतून असेंच बोललें जात असे, हें विसरून चालणार नाहीं. आज पुष्कळ मुलांना शौर्य म्हणजे काय, हुकूम कोणी व कोणाला द्यावा, यांचीं पहिलीं चित्रें या खेळांतूनच मिळतात. म्हणून त्या चित्रांतील सेनानायक खरा वाटतो कीं खोटा, हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाहीं.

विज्ञानकथेंत अद्भुत असावयाचेंच. यान प्रकाशाहून वेगानें गेलें, परग्रहावरील प्राणी बोलूं लागले, तरी आपली तक्रार नसते. आपण एकच अट घालतों: माणसानें माणसासारखें वागावें. आणि नेमकी हीच अट या खेळांतील सेनापति वारंवार मोडतात. ज्याच्या हातीं शेंकडों माणसांचे प्राण सोंपविलेले आहेत तो पुरुष हुकमाची जागा सोडून शिपायासारखा धांवत सुटतो, आणि कथा त्यासच पराक्रम म्हणते.

हा दोष खेळांनीं दूरचित्रवाणीकडून वारशानें घेतला असावा असें वाटतें. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका १९६६ सालीं सुरू झाली. तिच्यांतील कप्तान कर्क अनोळखी ग्रहावर स्वतःच उतरे, आणि जहाजावरील मोठे अधिकारीही आपल्याबरोबर नेई. १९८७ सालीं पुढील मालिका निघाली, तेव्हां कर्त्यांनीं ही चूक ओळखली होती. तिच्यांत ग्रहावर उतरण्याचें काम दुय्यम अधिकारी रायकर याजकडे दिलें, आणि कप्तान पिकार्ड स्वतः निघाला कीं रायकर त्यास अडवूं लागे. दूरचित्रवाणीला ही तोड साधली, कारण तेथें पाहणारा नुसता पाहत असतो. खेळांतील अडचण निराळी आहे. खेळणाराला हात चालवावयाचे असतात. ज्या पात्राचें सोंग त्यानें घेतलें तें पात्र खुर्चीवर बसून अहवाल वाचूं लागलें, तर तो खेळ बंद करून उठेल. त्यामुळें पदवी सेनापतीची आणि काम शिपायाचें, अशी विचित्र सोयरीक जुळविली जाते.

सोयरीक जुळविण्याचें कारण नसलें तरीही ती संवय सुटत नाहीं. 'हेलो' या प्रसिद्ध मालिकेचा तिसरा खेळ २००७ सालीं आला. त्यांत मिरांडा कीझ ही नौदलाची कमांडर आहे. खेळणारा तिचें सोंग घेत नाहीं. म्हणजे तिला रणांत ओढण्याची सक्ति कोणावरही नव्हती. तरी ही बाई एकटीच एक लहान यान घेऊन, खिडकी फोडून, शत्रूच्या मुख्य ठाण्यांत घुसते आणि तेथें मारली जाते. प्रसंग करुण खरा. परंतु तो पाहतांना डोळ्यांस पाणी येण्याऐवजीं मनांत काकूंचाच प्रश्न उभा राहिला.

मराठी वाचकास येथें पानिपत आठवल्यावांचून राहणार नाहीं. १४ जानेवारी १७६१ रोजीं विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले व रणाच्या गर्दींत शिरले. अंबारी रिकामी दिसतांच फौजेचा धीर सुटला, अशी हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. भाऊंच्या शौर्यास उणें कोण म्हणेल? पण ती हकीकत आपण शोक म्हणून सांगतों, युक्ति म्हणून नव्हे. सेनापतीची जागा रिकामी पडल्यास काय होतें, हें आपल्या समाजानें फार मोठी किंमत देऊन जाणलें आहे.

मग खरा सेनानायक ओळखावा कसा? गणवेश, पदकें किंवा करडा आवाज यांवरून तो ओळखतां येत नाहीं. माझ्या मतें त्याची खूण अशी कीं, त्याला दुसऱ्यास मृत्यूच्या तोंडीं पाठवावें लागतें, आणि त्या पाठविण्याचा जाब स्वतः द्यावा लागतो. १९४४ च्या जून महिन्यांत नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरण्याच्या आदल्या दिवशीं जनरल आयसेनहॉवर यांनीं एक चिठ्ठी लिहून पाकिटांत ठेविली होती. मोहीम फसलीच तर प्रसिद्ध करावयाची ती चिठ्ठी. सैनिकांनीं आपलें कर्तव्य शौर्यानें केलें, दोष असेल तर तो केवळ माझा, असा तिचा आशय होता. मोहीम यशस्वी झाली व चिठ्ठीची गरज उरली नाहीं. त्या एका कागदांत सेनापतिपण जितकें दिसतें तितकें शंभर गोळ्या झाडणाऱ्या वीरांत दिसत नाहीं.

या कसोटीस उतरणारीं पात्रें व्हिडिओ-गेममध्यें नाहींतच असें मात्र नाहीं. गंमत अशी कीं, त्यांतील एक उत्तम उदाहरण वर सांगितलेल्या मिरांडाच्या वडिलांचेंच आहे. 'हेलो'च्या २००१ सालच्या पहिल्या खेळांत कप्तान जेकब कीझ याचें जहाज शत्रूच्या तडाख्यांत सांपडतें. पृथ्वीचा ठावठिकाणा शत्रूस कळूं नये म्हणून, सर्व गुपितें जिच्या ठायीं सांठविलीं आहेत ती यंत्रबुद्धि तो आपल्या सर्वांत समर्थ सैनिकाच्या स्वाधीन करतो आणि त्यास जहाज सोडून जाण्याचा हुकूम देतो. जातांना तो आपलें पिस्तूलही त्याच्या हातीं ठेवतो. पण सांगतो कीं, मी तें भरलेलें ठेवीत नसतों, गोळ्या वाटेंत मिळवाव्या लागतील. केवढी बोलकी गोष्ट! या माणसाचें शस्त्र पिस्तूल नव्हेच. त्याचें शस्त्र म्हणजे त्याचा निर्णय, आणि तो त्यानें अगोदरच चालविलेला आहे. पुढें हा कीझही शत्रूच्या हातीं सांपडतो व कथा नेहमींच्या वळणावर जाते. तरीही तें रिकामें पिस्तूल मनांत राहतें.

कॅनडांतील बायोवेअर या संस्थेचा 'मास इफेक्ट' हा खेळ २००७ सालचा. त्याचा नायक कमांडर शेपर्ड. खेळणाराच्या इच्छेप्रमाणें तो पुरुष किंवा स्त्री असूं शकतो. काकूंची कसोटी लावली तर शेपर्ड नापासच व्हावयाचा, कारण जहाजाचा अधिपति असून तो दोन सोबती घेऊन प्रत्येक ग्रहावर स्वतः उतरतो. परंतु व्हर्मायर नांवाच्या ग्रहावर कथा त्यास अशा ठिकाणीं आणून सोडते कीं, तेथें बंदूक कामास येत नाहीं. त्याचे दोन सहकारी, अ‍ॅश्ली विल्यम्स आणि केडन अलेन्को, दोन निराळ्या जागीं वेढले जातात. वेळ एकाच्याच मदतीस जाण्यापुरता असतो. कितीही कौशल्यानें खेळलें तरी दोघेही वांचत नाहींत. माधव त्या ठिकाणीं बराच वेळ हात आंखडून बसला होता. तोंपर्यंत तो शेपर्डच्या हातांनीं लढत होता. त्या क्षणीं त्याला शेपर्डची जागा कळली.

याच मालिकेच्या २०१० सालच्या दुसऱ्या खेळांत तर शेवटचा सगळा प्रसंग नेमणुकींवर रचला आहे. नळींतून सरपटत जाऊन दारें उघडावयास कोण पाठवावा, दुसऱ्या तुकडीचें नेतृत्व कोणाकडे द्यावें, हें खेळणारानें ठरवावयाचें. अयोग्य माणूस निवडला तर कोणाचा तरी बळी जातो. सर्व सुखरूप परत येऊं शकतात. उलट फारच थोडे उरले तर शेपर्डही परतत नाहीं. आपल्या माणसांची पारख हीच येथें लढाई. एकत्र कुटुंबाचा व्याप ज्यांनीं चालविला आहे त्यांस यांतील मर्म सांगावयास नको. लग्नघरांत कोठीची किल्ली कोणाच्या कमरेला द्यावी व व्याह्यांच्या उतारावर कोणास धाडावें, हें ज्या घरांत चुकतें तेथील कार्याची काय दशा होते हें आपण पाहतोंच.

२०१६ सालीं 'कॉल ऑफ ड्यूटी' या युद्धखेळांच्या मालिकेंत 'इन्फिनिट वॉरफेअर' नांवाचा अवकाशयुद्धाचा खेळ निघाला. त्याचा नायक रेयेस हा मूळचा वैमानिक. जहाजाचा कप्तान मारला गेल्यामुळें नेतृत्व एकाएकीं त्याच्या गळ्यांत पडतें. तोही बढतीनंतर बंदूक सोडीत नाहीं, हा दोष येथेंही आहेच. पण कथेचा गाभा निराळा आहे. आपल्या माणसांना वांचवावें कीं मोहीम पुरी करावी, हा पेंच त्यास प्रथमपासून छळतो, आणि दुसऱ्यास मरावयास पाठविणें हाच कप्तानाच्या कामाचा अर्थ आहे हें तो हळूहळू शिकतो. अखेरीस मोहीम साधते, पण रेयेससह बहुतेक सगळे कामास येतात. मग कर्त्यांचीं नांवें पडद्यावरून सरकूं लागतात, त्या वेळीं मेलेल्या सैनिकांनीं घरच्यांसाठीं मागें ठेवलेलीं निरोपाचीं पत्रें त्यांच्याच आवाजांत ऐकूं येतात. आईस लिहिलेलें, बायकोस लिहिलेलें, मुलांस लिहिलेलें. विजयाची तुतारी वाजण्याच्या जागीं हीं पत्रें वाजतात. ज्याच्या हुकमानें हीं माणसें गेलीं तो कोण, हें खेळणारास पक्कें ठाऊक असतें.

कोणी म्हणेल, हें सर्व खरें. पण खेळांत मेलेला पुन्हां जिवंत करतां येतो, त्याचें काय? आक्षेप रास्त आहे. बहुतेक खेळांत मागच्या टप्प्याची नोंद जपून ठेवलेली असते. निर्णय चुकला कीं तेथवर परत जावें आणि दुसरा घ्यावा. ज्या निर्णयाचा परिणाम पुसतां येतो त्याचें ओझें कोणास वाटणार? सेनापतीचें पात्र खोटें ठरण्याचें सर्वांत मोठें कारण, माझ्या मतें, त्याची बंदूक नसून ही माघारीची सोय आहे.

या रोगावर औषध शोधणारा एक खेळ माधवाजवळ निघाला. त्याचें नांव 'एक्सकॉम: एनिमी अननोन', तो २०१२ सालचा. परग्रहावरून पृथ्वीवर स्वारी झाली आहे, आणि सोळा राष्ट्रांनीं मिळून एक सेना उभारली आहे. त्या राष्ट्रांत हिंदुस्थानही आहे. खेळणारा त्या सेनेचा मुख्य. पण हा मुख्य पडद्यावर कधीं दिसत नाहीं आणि स्वतः एकही गोळी झाडीत नाहीं. तो फक्त हुकूम देतो. नेम लागण्याचा संभव शेंकडा किती तें त्यास आंकड्यांत दिसतें, आणि शेंकडा नव्वद असूनही नेम चुकूं शकतो. महिन्याच्या अखेरीस राष्ट्रांची समिति त्याच्या कामगिरीची झाडाझडती घेते; भय वाढलें तर एकेक राष्ट्र अंग काढून घेतें. मेलेला सैनिक मेलाच. त्याचें नांव तळावरील स्मृतिफलकावर लागतें. आणि ज्याची तयारी असेल त्यास आरंभींच 'आयर्नमॅन' नांवाची अट पत्करतां येते. ती पत्करली कीं मागें जाण्याची वाट बंद. दिला हुकूम तो दिला.

मीं पाहिलेल्या सर्व खेळांत मला अत्यंत विश्वसनीय वाटलेला सेनानायक हाच. त्याला चेहरा नाहीं, आवाज नाहीं, इतिहास नाहीं. फक्त जबाबदारी आहे. कथाकारांनीं रंगविलेल्या कित्येक देखण्या सेनापतींना जें साधलें नाहीं तें याला साधलें, कारण येथें सेनापतीच्या मनांतील घालमेल दाखविण्याऐवजीं ती खेळणाराच्या मनांत उत्पन्न केली आहे.

या खेळांत सैनिकांस आपल्या आवडीचीं नांवें देतां येतात. माधवानें ती अट पत्करून खेळ सुरू केला आणि घरांतील सर्वांचीं नांवें देऊन टाकलीं. त्याची धाकटी चुलत बहीण सुमति ही नेमबाज. मी बहुधा दारूगोळ्यावर होतों. चौथ्या-पांचव्या मोहिमेंत त्यानें सुमतीला एका भिंतीआडून पुढें जाण्याचा हुकूम दिला. दुसरी वाट लांबची पण सुरक्षित होती, हें त्याला दिसत होतें. त्यानें घाई केली. शत्रूचा नेम लागला, आणि फलकावर सुमतीचें नांव चढलें. खरी सुमति शेजारच्या खोलींत मोठ्यानें पाढे म्हणत होती.

माधवानें हातांतील यंत्र खालीं ठेविलें. तो म्हणाला, "माझं चुकलं." जिंकल्यावर तो आरडाओरड करतो, हरल्यावर खेळास शिव्या देतो, पण चूक माझी असें त्याच्या तोंडून मीं त्या दिवशीं प्रथमच ऐकलें.

काकू नेहमींच्या जागीं बसल्या होत्या. त्यांनीं फलक वाचला नव्हता, पण त्याच्या चेहऱ्यावरून काय तें ओळखलें असावें. माळ बाजूस ठेवून त्यांनीं विचारलें, "मग आतां तिच्या घरीं कोण कळवणार?"

माधव कांहीं बोलला नाहीं. थोड्या वेळानें तो उठला आणि सुमतीचे पाढे घ्यावयास आंत गेला.