वस्त्रांवर वस्त्रे (लेखांक ९) : उपरण्याची जागा

अस्तराविषयी या लेखांकात सविस्तर लिहीन असे मी म्हटले होते खरे. परंतु मध्यंतरी साताऱ्याच्या एका वाचकांचे पत्र आले, आणि त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न माझ्या इतक्या जिव्हाळ्याचा निघाला, की अस्तराचे प्रकरण तूर्त तहकूब ठेवण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. ते विचारतात, की अंगात सदरा, त्यावर बंद गळ्याचा कोट आणि कोटावर उपरणे असा जामानिमा केलेल्या गृहस्थाने थंडीच्या दिवसांत वरून शालही घ्यावी काय. घेतल्यास उपरणे काढून ठेवावे काय. आणि न काढल्यास वस्त्रांची गर्दी झाली असे पाहणाऱ्यास वाटणार नाही काय.

शाल अवश्य घ्यावी आणि उपरणे मुळीच काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण असे, की शिवलेल्या कपड्यावर शिवलेला कपडा चढविला म्हणजे दोहोंचा पहिला तंटा मुंढ्यापाशी होतो. आतल्या बाहीचे कापड काखेत गोळा होते, खांदा फुगतो आणि हात वर केला की गळपट्टीसुद्धा जागा सोडते. आतले कापड तलम व अंगासरशी आणि बाहेरचे क्रमाने जाड व सैल ठेवले, तर शिवलेल्या दोन कपड्यांपर्यंत हा तंटा मिटविता येतो, क्वचित तिसऱ्यापर्यंतही येतो; पण त्यापुढे शिंप्याचे कसब चालत नाही. उपरण्याला व शालीला मुंढाच नाही. ती खांद्यावर नुसती विसावतात, आणि त्यांच्या सुरकुत्यांत व दोन थरांमध्ये जी हवा अडकून राहते तीच ऊब धरून ठेवते. म्हणून बिनशिवलेल्या वस्त्रांना नेहमी सर्वांत बाहेरची जागा द्यावी, आणि ती दोन झाली तरी भिऊ नये.

आपल्याकडील जुन्या पेहरावाने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. अंगरख्याच्या छातीवरील गोलसर कापात आतून जो पडदा लावीत, तो अंग झाकण्यापुरता नव्हता. त्या कापातून आतल्या थराचा एक तुकडा मुद्दाम दिसू द्यावयाचा, अशी त्यात योजना होती. लोकमान्य टिळकांच्या छायाचित्रांत पांढऱ्या अंगरख्यावरचे उपरणे पाहावे : पांढऱ्यावर पांढरे असूनही घड्यांच्या छायेमुळे दोन्ही वस्त्रे निरनिराळी ओळखू येतात. नामदार गोखल्यांच्या छायाचित्रांत अंगरखा जाऊन कोट आला, तरी उपरणे आपल्या जागी कायम आहे, आणि कोटाच्या गडद रंगावर त्याची उभी रेषा मूळच्यापेक्षाही अधिक उठून दिसते. कोट आल्यावर उपरणे निरुपयोगी झाले असे म्हणणाऱ्यांशी माझे कधीच जमले नाही. लोकरीच्या सरळ, ताठ खांद्याला मार्दव आणण्याचे काम दुसरे कोणतेही वस्त्र इतक्या थोडक्यात करीत नाही.

मात्र उपरणे नीट घडीचे पाहिजे. आमच्या घरातील वडील मंडळी धुतलेले उपरणे थोडे ओलसर असतानाच दोघांनी दोन टोके धरून ताणीत, लांबीच्या दिशेने बोटभर रुंदीच्या चुण्या एकीवर एक अशा पाडीत की काठ शेवटी सर्वांत वर यावा, मग सैलसा पीळ देऊन ते तसेच वाळू देत. वाळल्यावर पीळ उलगडला, की त्या चुण्या संध्याकाळपर्यंत मोडत नसत. खळ अगदी बेताची लावीत. जास्त झाली की उपरणे खांद्यावर न विसावता पुठ्ठ्यासारखे उभे राहते. रेशमी उपरणे रेशमी अंगरख्यावरून सारखे घसरते, सुती किंवा लोकरी कापडावर मात्र ठरते, हेही ध्यानात ठेवावे. आणि टोकांच्या लांबीकडे दुर्लक्ष करू नये : उपरण्याची टोके व कोटाचा खालचा काठ एकाच रेषेत आले, तर माणूस मध्येच कापल्यासारखा ठेंगणा दिसतो. टोके त्या रेषेच्या वितभर वर राहावीत किंवा स्पष्टपणे खाली यावीत.

आता शालीकडे वळतो. 'आइने अकबरी'त अबुल फजलने नमूद केले आहे, की पूर्वी लोक शाल चौपदरी घडी करून घेत, पुढे ती न घडी करता खांद्यावर टाकण्याचा प्रघात पडला, आणि खुद्द बादशहाने दोन शाली एकत्र घेण्यास आरंभ केला, जे फार शोभून दिसे. पुढे दोन शाली पाठीला पाठ लावून शिवण्याचीही रीत होती, कारण विणकामातील उलट बाजूचे धागे त्यामुळे झाकले जात. तेव्हा पांघरुणावर पांघरूण ही अरसिकता नसून त्यास बादशाही दाखला आहे. साताऱ्याच्या वाचकांनी शाल डाव्या खांद्यावरून घेऊन उजवीकडे उपरण्याचा काठ उघडा ठेवावा. शाल नक्षीची असेल तर उपरणे बारीक काठाचे, आणि शाल साधी असेल तर उपरण्यास जर चालेल. दोहोंवर जर नको.

बाहेरचा थर पाहणाऱ्याच्या नजरेत सर्वांत आधी भरतो, आणि म्हणूनच त्याची निवड गंभीरपणे करावयाची असते. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीस महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात, खांद्यावर घोंगडी घेऊन गेले, त्या वेळी रयतेच्या दैन्याविषयी त्यांना जे सांगावयाचे होते त्यातील अर्धे त्या घोंगडीने त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच सांगून टाकले असले पाहिजे.

पत्राच्या शेवटी एक उपप्रश्न आहे : सत्कारसमारंभात यजमान उपरण्यावरच शाल पांघरतात, तेव्हा काय करावे? ती शाल दोन्ही खांद्यांवर तशीच राहू द्यावी, श्रीफळ हाती आल्यावर उपरण्याचे एक टोक अलगद शालीच्या बाहेर ओढून घ्यावे आणि मग आसनावर बसावे. बसल्यानंतर ओढू गेल्यास दोन्ही वस्त्रे एकदम घसरतात.