प्रोजेक्ट गटाचा, शिकणं प्रत्येकीचं

शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली सुरू झालं. आता चिखली, मलकापूर, बुलढाण्यातही अशी महाविद्यालयं आहेत. तिथे कॉम्प्युटर शिकणाऱ्या आपल्या लेकींना शेवटच्या वर्षी गटाने प्रोजेक्ट करावा लागतो. बरेच गट वेबसाइट बनवतात. त्यातून नेमकं काय शिकायचं असतं, ते आज समजून घेऊ.

समजा, चौघांनी बचत गटाच्या हिशेबाची वेबसाइट करायचं ठरवलं. पहिलं काम असतं विचारण्याचं. बचत किती, कर्जाला व्याज किती, हप्ता चुकला तर काय? हे गटातल्या बायांकडूनच कळतं. मग पानाचा सांगाडा एचटीएमएलमध्ये लिहायचा, रंगरूप सीएसएसने द्यायचं. बटण दाबल्यावर पानावर काय घडावं, ते जावास्क्रिप्ट ठरवते. नोंदी डेटाबेसमध्ये राहतात. पान आणि डेटाबेस यांच्यामधली देवघेव सर्व्हरवरचा प्रोग्राम सांभाळतो.

चौघं एकाच वेळी लिहू लागले की गोंधळ होतो. त्यासाठी 'गिट' वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ते तयार केलं. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली, याची नोंद ते ठेवतं, आपल्या गटाच्या रजिस्टरसारखी. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली, तर दोघांचं काम एकत्र करताना गिट थांबतं आणि कोणती ठेवायची ते विचारतं. तेव्हा बसून बोलावंच लागतं. गटात काम करणं खरं इथे शिकायला मिळतं.

पण अनेकदा कामाची वाटणी अशी होते, की मुलं कोड लिहितात आणि मुलीला सांगतात, "तू रिपोर्ट टाइप कर, पीपीटी बनव." मार्क सगळ्यांना मिळतात. पुढे नोकरीच्या मुलाखतीत मात्र विचारतात, "यात तू काय लिहिलंस?" तिथे गटाचं नाव कामी येत नाही.

म्हणून पान, सर्व्हर, डेटाबेस अशी वाटणी करण्यापेक्षा प्रत्येकाने एक पूर्ण काम घ्यावं. एकीने कर्जाचे हप्ते, दुसऱ्याने मासिक बचत, पण फॉर्मपासून डेटाबेसपर्यंत सगळं स्वतः लिहायचं. रिपोर्ट चौघांनी वाटून घ्यावा. एकमेकांचा कोड वाचावा, न कळलं तर विचारावं. गिट फुकट मिळतं. एकदा लॅपटॉपवर घेतलं की नेट नसतानाही लिहिता येतं, नोंदही होते. त्यामुळे गावी आल्यावर काम अडत नाही.

आणि आयांनो, आपल्याला कोड येत नसला तरी हिशेब येतो. लेक घरी आली की म्हणा, "तू लिहिलेलं दाखव." मग हप्त्याच्या जागी शून्य टाकून बघा, एकच नाव दोनदा भरून बघा. वेबसाइट कुठे अडते ते लगेच दिसेल, आणि ती दुरुस्त करताना लेक आणखी शिकेल.