कपाशीची पाहणी आणि घरधनिणीचे आरोग्य

वर्धा शहराला लागूनच सावंगी (मेघे) हे गाव आहे. तेथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयामुळे ते दूरवरच्या खेड्यांनाही परिचित झाले आहे. भोवतालचा मुलूख कापूस, तूर व सोयाबीन यांचा. येथील स्त्री निंदणापासून वेचणीपर्यंत शेतात राबते. म्हणूनच ‘कष्ट करणाऱ्या बाईला स्तनाचा कर्करोग होत नाही, तो शहरातला रोग आहे’ असा समज खेड्यांतून आढळतो. या समजुतीत सत्य थोडे आहे व धोका मोठा आहे.

देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे सुरू झाली. तेथील व मुंबईच्या नोंदी ताडून पाहता, खेड्यांत या रोगाचे प्रमाण कमी असल्याचे दिसते. अंगमेहनत, बेताचे वजन व मुलांना दीर्घकाळ अंगावर पाजणे यांचा त्यात वाटा आहे. ३० देशांतील ४७ अभ्यासांचा एकत्रित विचार २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे मातेचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो.

परंतु खेड्यातील राहणीही पालटत आहे. तणनाशकामुळे निंदण कमी झाले, पायवाटेची जागा मोटारसायकलने घेतली. तेव्हा पूर्वी आपोआप घडणारी गोष्ट आता जाणून करावी लागेल. आठवड्यातून निदान १५० मिनिटे झपझप चालावे किंवा तेवढेच श्रम करावेत. पाळी गेल्यानंतर वजन वाढू देऊ नये. मद्य व धूम्रपान वर्ज्य करावे. बाळाला सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे व पुढे वरच्या आहाराबरोबर दोन वर्षांपर्यंत पाजावे.

एवढे करूनही धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. वाढते वय व घराण्यातील रोग यांवर कोणाचा इलाज नाही. रोग झाला म्हणून त्या स्त्रीला बोल लावणे अन्यायाचे होय. कपाशीची फरदड न घेता शेत स्वच्छ ठेवणारा शेतकरीही डोमकळी शोधण्यासाठी ओळीओळीतून फिरतोच. तीच दक्षता येथे हवी.

स्तनात किंवा काखेत गाठ, कातडी ओढली जाणे, स्तनाग्र आत वळणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. आरंभी गाठ बहुधा दुखत नाही. म्हणूनच ती लपविली जाते. पुष्कळ गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते तपासणीनेच ठरते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तपासलेल्या गटात रोग आधीच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत त्यामुळे होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले.

तिशीपुढील स्त्रियांसाठी अशी तपासणी आता शासकीय आरोग्य उपकेंद्रांतही केली जाते. आशाताई व ग्रामपातळीवरील सर्व कार्यकर्त्यांनी महिला मंडळांत ही माहिती सांगावी. घरच्या पुरुषांनी वेचणी संपण्याची वाट न पाहता घरच्या बाईला तपासणीस न्यावे. वेचणी चार दिवस थांबू शकते. हा रोग थांबत नाही.